मधल्या जागेचे बल

१

मराठी पाठ्यपुस्तकांत 'कोलॉइड' या शब्दासाठी 'कलिल' हा शब्द रूढ आहे. संस्कृतात कलिल म्हणजे मिसळलेले, गुंतलेले, ज्यातून पार जाणे अवघड असे. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात हा शब्द मोहाच्या जोडीने येतो. इंग्रजी शब्दाचे कुळ अगदी निराळे आहे. थॉमस ग्रॅहॅम या स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञाने १८६१ मध्ये तो घडवला तो 'कोला' या ग्रीक शब्दावरून, आणि 'कोला' म्हणजे सरस. म्हणजे एका नावाने या पदार्थांचा चिकटपणा टिपला, तर दुसऱ्याने त्यांची दुर्गमता. दोन्ही नावांमागचे गृहीतक मात्र एकच आहे : हा गुण पदार्थाच्या अंगचाच आहे, त्याच्या स्वभावात आहे.

प्रस्तुत लेखात कलिल-विज्ञानाच्या सुमारे दीडशे वर्षांच्या इतिहासातून आम्ही एकच धागा सोडवून दाखवू इच्छितो. प्रारंभी कणाच्या स्वभावात शोधलेली कारणे पुढे एकेक करून कणांच्या मधल्या जागेत सापडत गेली, हा तो धागा. कण परस्परांपासून दूर राहतील की गुठळी करून तळाशी बसतील, की रत्नासारखी नियमित रचना करतील, हे कण कोणता यावर जितके अवलंबून असते, त्याहून अधिक ते त्यांच्या मध्ये काय आहे, आणि कधीकधी काय नाही, यावर ठरते. साहित्याच्या अभ्यासकाला हे सूत्र परके वाटू नये. अर्थ शब्दाच्या पोटात असतो की दोन शब्दांच्या परस्परसंबंधात, हा वाद आपण वर्गात दरवर्षी घालतो. तथापि विज्ञानाला उपमान म्हणून राबवण्याची घाई आम्हांला करायची नाही. आधी इतिहास पाहू. उपमेचा विचार शेवटी.

२

ग्रॅहॅम त्या काळी लंडनच्या सरकारी टांकसाळीचा प्रमुख होता. चर्मपत्राच्या पडद्यातून निरनिराळी द्रावणे झिरपू दिली असता मीठ आणि साखर पलीकडे जातात. डिंक, जिलेटिन, अंड्याचा पांढरा बलक अलीकडेच राहतात, असे त्याला आढळले. पहिल्या गटाला त्याने 'स्फटिकाभ' या अर्थाचे नाव दिले, दुसऱ्याला 'कोलॉइड'. हे त्याच्या लेखी द्रव्याचे दोन वेगळे प्रदेश होते, जणू दोन वर्णच. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हा वर्णभेद मोडला. फॉन वाइमार्न आणि वोल्फगांग ओस्टवाल्ड यांनी दाखवून दिले की योग्य परिस्थितीत बहुतेक कोणताही पदार्थ कलिल-रूपात आणता येतो. कलिल ही द्रव्याची जात नसून अवस्था आहे. प्रश्न आकाराचा आहे : साधारण १ नॅनोमीटरपासून १००० नॅनोमीटरपर्यंत, म्हणजे रेणूहून मोठे आणि साध्या डोळ्यांना न दिसणारे. ओस्टवाल्डच्या १९१४ सालच्या पुस्तकाच्या शीर्षकाचा अर्थच 'दुर्लक्षित परिमाणांचे जग' असा होतो.

या जगातला सर्वांत देखणा प्रयोग ग्रॅहॅमच्या नामकरणाआधीच झाला होता. १८५७ मध्ये मायकेल फॅरडेने सोन्याच्या क्षारावर फॉस्फरसची क्रिया करून माणकासारखा लाल द्रव मिळवला. त्यात सोने विरघळलेले नसून अतिसूक्ष्म कणांच्या रूपाने तरंगत आहे, हे त्याने प्रकाशाची तिरीप टाकून ताडले. मग त्या द्रवात त्याने मीठ टाकले आणि लाल रंग निळा झाला. सोने तेच होते. बदलले होते ते भोवतालचे पाणी, आणि त्यामुळे कणांमधले अंतर. कण जवळ आले की प्रकाश शोषण्याची त्यांची रीत बदलते. फॅरडेच्या काही कुप्या लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनने जपून ठेवल्या आहेत. त्याला आणखी एक गोष्ट आढळली होती. थोडे जिलेटिन आधी घातले, तर मिठाचा तो परिणाम टळतो.

जिलेटिनची ही करामत लिहिणाऱ्यांच्या जगाला फार जुनी ओळखीची होती, फक्त तिचे कारण कोणी विचारले नव्हते. बोरूने पोथ्या उतरणाऱ्यांच्या दौतीत काजळी असे आणि काजळीबरोबर डिंक असे. नुसती काजळी पाण्यात ढवळली तर थोड्याच वेळात तिचा साका तळाशी बसतो. डिंकाचे लांबलचक रेणू काजळीच्या कणांना वेढून बसतात आणि दोन कणांना एकमेकांना टेकू देत नाहीत. ज्या सरसावरून ग्रॅहॅमने या पदार्थांचे नाव ठेवले, तोच सरस शाईत कणांना चिकटू न देण्याचे काम करतो. तेव्हा चिकटपणा हा डिंकाचा स्वभाव म्हणावा, की कोणत्या दोन गोष्टींच्या मध्ये तो सापडला आहे त्याचा परिणाम? शतकानुशतकांचे हस्तलिखित वाङ्मय या प्रश्नाच्या उत्तरावर उभे आहे. १९०१ मध्ये रिचर्ड झिग्मोंडीने निरनिराळ्या पदार्थांची ही संरक्षणशक्ती मोजण्यासाठी सोन्याच्या लाल द्रवाचाच मापदंड केला. कोणत्या पदार्थाची किती मात्रा मिठापासून तो लाल रंग वाचवते, ते पाहावयाचे.

३

दुसरा घरगुती दाखला पावसाळ्याचा आहे. गढूळ पाण्यात तुरटी फिरवायची, भांडे थोडा वेळ निवांत ठेवायचे आणि वरचे पाणी अलगद ओतून घ्यायचे, ही रीत आपल्याकडच्या घराघरांत होती. कुठे त्यासाठी निवळीचे बी उगाळत. मातीचे कण तर मुळातच पाण्याहून जड. मग तुरटीवाचून ते का बसत नव्हते? आणि चिमूटभर तुरटी जे करते ते करायला साधे मीठ इतके जास्त का लागते?

दुसऱ्या प्रश्नाचे पहिले पद्धतशीर उत्तर १८८२ मध्ये हान्स शुल्त्सेने आणि १९०० मध्ये विल्यम हार्डीने दिले. कणावरील विद्युतभाराच्या उलट भाराचे जे आयन पाण्यात असतात, त्यांची संयुजा जितकी मोठी तितकी त्यांची गोठवण्याची शक्ती प्रचंड वाढते. सोडियमवर एक भार, कॅल्शियमवर दोन, तुरटीतल्या ॲल्युमिनियमवर तीन. (तुरटीच्या बाबतीत आणखीही एक क्रिया घडते : ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडचे मऊ पुंजके तयार होऊन खाली जाताना गाळ आपल्याबरोबर ओढून नेतात.) नियम सापडला, पण तो असा का, हे कळायला अजून चार दशके जायची होती.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर हळूहळू आकाराला येत होते. फ्रान्समध्ये गुईने १९१० मध्ये आणि इंग्लंडमध्ये चॅपमनने १९१३ मध्ये, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, कणाच्या पृष्ठभागालगत आयनांचे जे ढगासारखे आवरण असते त्याचे गणित मांडले. कणावर एक भार, भोवतीच्या ढगात उलट भार. असे दोन ढग एकमेकांत शिरू लागले की कण परस्परांना दूर लोटतात. पाण्यात क्षार वाढला की हा ढग आक्रसतो. प्रतिलिटर एक सहस्रांश मोल मीठ असलेल्या पाण्यात त्याची जाडी सुमारे १० नॅनोमीटर असते, त्याच्या शंभरपट मिठात ती सुमारे १ नॅनोमीटर उरते. नदीचे पाणी खाऱ्या पाण्याला भेटते तेथे बारीक चिखलाच्या गुठळ्या होऊन तो साचू लागतो, त्यामागे हेही एक कारण आहे. कणांवर हा भार मुळात येतो कोठून, या प्रश्नावर कलकत्त्याचे ज्ञानेंद्रनाथ मुखर्जी यांनी १९२१ च्या सुमारास फॅरडे सोसायटीच्या नियतकालिकात महत्त्वाचे विवेचन केले. पृष्ठभागावर आयन कसे धरले जातात आणि उलट भाराचे आयन तो भार कसा निष्प्रभ करतात, हा त्यांचा विषय होता. आता स्पष्टीकरणाचे केंद्र कणाच्या गाभ्यातून उठून त्याच्या वेशीवर आले होते.

४

दूर लोटणारे बल हाती आले. जवळ ओढणारे कोणते? हेही उत्तर अनेक हातांतून आले, आणि ते हात १९३० नंतरच्या युरोपात होते, हे विसरता येत नाही. १९३० मध्ये फ्रिट्झ लंडनने पुंजयामिकीच्या आधारे दाखवले की भाररहित अणूंमध्येही इलेक्ट्रॉनांच्या क्षणिक हालचालींमुळे आकर्षण असते. १९३२ मध्ये बर्लिनमध्ये हार्टमुट कालमान आणि विल्श्टेटर यांनी एका टिपणात सुचवले की असंख्य अणूंचे हे आकर्षण एकत्र आले तर ते कलिल-कणांच्या अंतरावरही जाणवेल, आणि कलिलाचे स्थैर्य या आकर्षणाच्या आणि विद्युत प्रतिसारणाच्या तोलात शोधले पाहिजे. पुढल्याच वर्षी नाझी राजवट आली. कालमानला ज्यू म्हणून आपली जागा गमवावी लागली. लंडनलाही जर्मनी सोडावा लागला. कल्पना मांडणारेच विखुरले गेले. १९३७ मध्ये हॉलंडमधील आइंडहोवेन येथे, फिलिप्स कंपनीच्या प्रयोगशाळेत, हामाकरने दोन गोलांमधील एकूण आकर्षणाचा हिशेब पुरा केला.

आता तराजूची दोन्ही पारडी तयार होती. ती एकत्र तोलण्याचे काम दोन ठिकाणी झाले, आणि त्या दोन ठिकाणांच्या मध्ये महायुद्ध होते.

मॉस्कोत बोरिस देर्यागिन आणि लेव्ह लांदाउ यांचा निबंध १९४१ मध्ये सोव्हिएत संघातील एका नियतकालिकात प्रसिद्ध झाला. लांदाउ एप्रिल १९३८ ते एप्रिल १९३९ असे वर्षभर स्टालिनच्या तुरुंगात होता. प्योत्र कापित्साने आपली सारी प्रतिष्ठा पणाला लावून त्याला सोडवले होते. निबंधाच्या त्याच वर्षी, जूनमध्ये, जर्मन फौजा सोव्हिएत सीमेत घुसल्या. तिकडे हॉलंड मे १९४० पासूनच जर्मनांच्या ताब्यात होता. आइंडहोवेनच्या त्याच प्रयोगशाळेत एव्हर्ट व्हेरवाय आणि तरुण थेओडोर ओव्हरबेक हे दोघे हाच प्रश्न सोडवत होते. त्यांचे पुस्तक १९४८ मध्ये प्रसिद्ध झाले. चौघांच्या आद्याक्षरांवरून हा सिद्धांत आज 'डीएलव्हीओ' म्हणून ओळखला जातो.

त्याचा गाभा सांगायला सोपा आहे. दोन कण जवळ येऊ लागले की आधी त्यांना प्रतिसारणाचा चढ लागतो. तो ओलांडला तर पलीकडे आकर्षणाची खोल दरी आहे. कण पाण्याच्या रेणूंच्या माऱ्याने सतत थरथरत असतात. चढ त्या थरथरीच्या ऊर्जेपेक्षा बराच उंच असेल, तर ओलांडणारे कण विरळा. क्षार घातला की चढ झिजतो. आणि गणित केले की शुल्त्से-हार्डीचा नियम आकड्यांसह बाहेर पडतो : पृष्ठभागावरील भार पुरेसा असेल तर गोठण्यास लागणारी मात्रा संयुजेच्या सहाव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असते. एक, दोन आणि तीन भारांच्या आयनांसाठी ते प्रमाण १, १/६४ आणि १/७२९ असे येते. आकर्षण आणि प्रतिसारण या दोन्ही कल्पना बरोबर असल्याचा याहून मोठा पुरावा त्या काळी मिळण्यासारखा नव्हता.

या सिद्धांताने 'स्थैर्य' या शब्दाचा अर्थही बदलला. अशा कलिलांच्या बाबतीत स्थिर म्हणजे शांत, समाधानी अवस्था नव्हे. या कणांची अखेरची अवस्था एकत्र गुठळीचीच आहे; आपण ज्याला स्थैर्य म्हणतो ती त्या अखेरीला लागलेली दिरंगाई होय, मग ती क्षणाची असो वा शतकाची. फॅरडेच्या कुप्यांतला लाल रंग अशा दिरंगाईवर टिकून आहे.

५

'डीएलव्हीओ'चे एक अंग मात्र अपुरे होते, आणि ते उघडे पाडले ते गाऱ्याच्या दाट कालव्याने. ओव्हरबेक क्वार्ट्झच्या भुकटीच्या निलंबनांचा अभ्यास करत होता. लंडनच्या सूत्रानुसार जितके आकर्षण यायला हवे तितके दूरच्या अंतरावर येत नाही, असे निरीक्षणांवरून दिसले. त्याने तर्क केला की एका अणूच्या थरथरीची वार्ता दुसऱ्यापर्यंत पोहोचायला प्रकाशाच्या वेगाने का होईना, वेळ लागतो; तोवर पहिल्याची स्थिती बदलते आणि आकर्षण दुबळे होते. याच प्रयोगशाळेतील हेन्ड्रिक कॅसिमिर आणि डर्क पोल्डर यांनी १९४८ मध्ये त्याचे गणित केले. त्यातूनच त्याच वर्षी कॅसिमिर त्या प्रसिद्ध निष्कर्षाला पोहोचला की संपूर्ण निर्वातात समोरासमोर ठेवलेल्या दोन धातूच्या पाट्यांमध्येही आकर्षण असते. निर्वात रिकामा नसतो. त्यातल्या विद्युतचुंबकीय क्षेत्राची किमान थरथर कधी थांबत नाही, आणि पाट्यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत तिला मोकळेपणी मावता येत नाही. आधुनिक भौतिकीतल्या एका अत्यंत सूक्ष्म कल्पनेची वाट भुकटीच्या कालव्यातून गेली, हे आम्हांला फार अर्थपूर्ण वाटते.

हे बल प्रत्यक्ष मोजण्याची चुरस पुन्हा त्याच दोन देशांत लागली. फॅरडे सोसायटीच्या १९५४ सालच्या एकाच चर्चाखंडात देर्यागिनच्या गटाचा आणि ओव्हरबेक-स्पार्नाय यांचा, असे दोन्ही निबंध आहेत, आणि त्यांचे आकडे जुळत नाहीत. डच गटाचे बल कितीतरी मोठे आहे. कालांतराने मॉस्कोचे मापन अधिक बरोबर ठरले. त्याला आधार दिला येव्हगेनी लिफ्शिट्झच्या नव्या सिद्धांताने, जो त्याच दशकाच्या मध्यात आला.

लिफ्शिट्झने अणूंची बेरीज करणे सोडून दिले. त्याने दोन वस्तू आणि त्यांच्या मधले माध्यम यांचा प्रकाशाशी असलेला व्यवहार एकदमच विचारात घेतला. याचा एक विलक्षण परिणाम १९६१ मध्ये झ्यालोशिन्स्की, लिफ्शिट्झ आणि पितायेव्स्की यांनी मांडला : माध्यमाचे गुणधर्म दोन वस्तूंच्या गुणधर्मांच्या अधेमधे पडत असतील, तर ज्याला आपण आकर्षण म्हणत आलो तेच बल प्रतिसारण होते. २००९ मध्ये मंडे, कपासो आणि पार्सेजियन यांनी ब्रोमोबेंझीन या द्रवात सोने आणि सिलिका यांच्यामध्ये असे प्रतिसारण मोजून दाखवले. तीच दोन द्रव्ये निर्वातात एकमेकांकडे ओढली जातात. त्यांच्या 'स्वभावा'त काही बदललेले नसते. मध्ये कोण आहे, एवढेच बदललेले असते.

६

मधल्या जागेकडे लक्ष देण्याचा हा मार्ग सरळ होता असे मात्र नाही, आणि त्याचे मोठे उदाहरण देर्यागिनच्याच नावावर आहे. १९६० नंतरच्या काही वर्षांत कोस्त्रोमा येथील फेद्याकिन या संशोधकाला अतिबारीक काचनलिकांत साठलेल्या पाण्याचे गुण साध्या पाण्याहून वेगळे दिसले. देर्यागिनने हे काम हाती घेतले. पृष्ठभागाच्या सान्निध्यात पाणी नवेच रूप धारण करते, असा त्याचा दावा होता. पाश्चात्त्य देशांत या पाण्याला 'पॉलिवॉटर' हे नाव मिळाले आणि शेकडो शोधनिबंध निघाले. अखेर त्या नळ्यांतल्या पाण्यात काचेतून उतरलेले सिलिका आणि इतर अशुद्धी असल्याचे दिसून आले, आणि १९७३ मध्ये देर्यागिनने ते मान्य केले. मधल्या जागेत काहीतरी आहे हे त्याचे म्हणणे खरेच होते. तेथे नवे पाणी नव्हते, मळ होता, इतकेच. ज्याने मधल्या जागेचे बल सर्वांआधी तोलले, त्यालाच त्या जागेने चकवले. समीक्षेत 'ओळींच्या मधले' वाचणाऱ्या आम्हा सर्वांनी ही घटना ध्यानात ठेवण्यासारखी आहे. मधल्या जागेत आपल्याला जे दिसते ते आपल्याच काचेचे झिजणे तर नाही ना, हे तपासावे लागते.

७

येथवर मधल्या जागेत काय आहे याचा विचार झाला. १९५४ मध्ये जपानमधील नागोया विद्यापीठाच्या शो असाकुरा आणि फुमिओ ओसावा यांनी तेथे काय नाही याचा विचार केला. मोठे कण आणि त्यांच्यासोबत पॉलिमरची लहान वेटोळी एकाच द्रवात आहेत. दोन मोठे कण इतके जवळ आले की त्यांच्यामध्ये वेटोळ्याला शिरायला जागा उरली नाही, तर बाहेरच्या बाजूने वेटोळ्यांचा मारा चालू राहतो आणि आतून प्रतिकार होत नाही. कण एकमेकांकडे ढकलले जातात. त्यांच्यात कसलेही आकर्षण नसते. त्यांच्यामधली अनुपस्थिती त्यांना एकत्र आणते. हा निबंध दीर्घ काळ फारसा वाचला गेला नाही. १९७६ मध्ये ओव्हरबेकच्या परंपरेतील आगिएनुस व्राय याने उट्रेख्टमध्ये ही कल्पना पुन्हा मांडली, तेव्हा ती कलिल-विज्ञानाच्या मुख्य प्रवाहात आली. ओसावा तोवर स्नायूंतील ॲक्टिन या प्रथिनाच्या जुळणीच्या अभ्यासाकडे वळून जैवभौतिकीतला एक अग्रणी झाला होता.

याहून पुढचे पाऊल म्हणजे, आकर्षण मुळीच नसतानाही व्यवस्था निर्माण होऊ शकते. १९५७ मध्ये संगणकावरील गणनांनी सूचित केले की केवळ एकमेकांत न शिरणारे कठीण गोल पुरेशा दाटीत आपोआप स्फटिकाची रचना घेतात. पुष्कळांना ते पटले नाही. १९८६ मध्ये इंग्लंडमधील पीटर प्यूसी आणि ऑस्ट्रेलियातील विल्यम व्हॅन मेगेन यांनी ॲक्रिलिकच्या सूक्ष्म गोलांवर ते प्रत्यक्ष दाखवले. गोलांनी एकूण जागेपैकी सुमारे ४९.४ टक्के व्यापली की स्फटिक दिसू लागतात, ५४.५ टक्क्यांच्या सुमारास सारे मिश्रण स्फटिकमय होते. कारण असे की, अस्ताव्यस्त गर्दीपेक्षा नियमित रचनेत प्रत्येक गोलाला आपल्या जागी हलायला अधिक मोकळीक मिळते. एंट्रॉपी, जिला आपण सवयीने अव्यवस्था म्हणतो, तीच येथे व्यवस्था घडवते. निसर्गाने हा प्रयोग फार आधीच करून ठेवला होता. उंची ओपल या रत्नातले रंग म्हणजे सुमारे १५० ते ३०० नॅनोमीटर व्यासाच्या सिलिकाच्या गोलांच्या नियमित रांगांचे काम आहे, हे १९६४ मध्ये ऑस्ट्रेलियातील सँडर्स आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दाखवले. ग्रॅहॅमने स्फटिक आणि कलिल यांच्यामध्ये घातलेली भिंत आता पार पडली. कलिल-कणांचेच स्फटिक झाले होते.

८

१९९६ च्या ऑगस्टमध्ये 'नेचर'च्या एकाच अंकात दोन निबंध लागोपाठ छापले गेले, एक चॅड मर्किन यांच्या गटाचा, दुसरा पॉल अलिव्हिसाटोस यांच्या गटाचा. दोन्हींत सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांना डीएनएचे तुकडे जोडले होते. मर्किन यांच्या प्रयोगात १३ नॅनोमीटरचे कण होते. जुळणारी डीएनएची साखळी मध्ये आली की कण एकत्र आले आणि लाल द्रव निळसर जांभळा झाला. फॅरडेच्या प्रयोगानंतर १३९ वर्षांनी पुन्हा तोच रंगबदल. फरक असा की मिठाने घडवलेली गुठळी सहसा सुटत नाही. येथे मात्र द्रव तापवताच साखळ्या सुटल्या आणि लाल रंग परतला. कोणी कोणाशी जुळावे हे आता मधल्या जागेत चार अक्षरांच्या लिपीने लिहिता येऊ लागले. २००८ मध्ये याच मार्गाने सोन्याच्या कणांचे नियमित स्फटिक बनवण्यात दोन गटांना यश आले.

कण इतके लहान झाल्यावर जुन्या हिशेबाची सोयही सुटली. 'डीएलव्हीओ'त आकर्षण वेगळे, प्रतिसारण वेगळे, मग त्यांची बेरीज. कण काही नॅनोमीटरचाच असेल, तर पाण्याचा रेणू, आयन आणि कणावरचे आवरण ही सारी जवळजवळ त्याच्याच मापाची होतात. मग माध्यमाला गुळगुळीत पार्श्वभूमी मानता येत नाही आणि बलांची साधी बेरीज चालत नाही. बातिस्ता, लार्सन आणि कोतोव्ह यांनी २०१५ मध्ये 'सायन्स'मधील एका आढाव्यात हा मुद्दा विस्ताराने मांडला. पार्श्वभूमी म्हणून जिला मागे ठेवले होते, ती आता पात्र होऊन पुढे आली आहे.

म्हणूनच या क्षेत्रातील सर्वांत लाडका शब्द आम्हांला थोडा खटकतो. त्याचे मराठी रूप 'स्वयंरचना' असे केले जाते. कण 'आपोआप' जुळतात, असे त्यातून ध्वनित होते. पण वरचा सारा इतिहास सांगतो की यात 'स्व'चा वाटा फार थोडा आहे. क्षाराची मात्रा, डिंकाचे आवरण, माध्यमाचे प्रकाशगुण, वेटोळ्यांची अनुपस्थिती, अक्षरांची जुळणी, उष्णता, गर्दी : रचना यांच्याकडून येते. 'आपोआप' हा शब्द या सर्वांचे श्रेय पुसून कणाच्या नावे मांडतो. साहित्यविचारात 'स्वयंस्फूर्त', 'स्वयंभू' हे शब्द आपण ज्या सहजतेने वापरतो, त्यांच्याकडेही याच संशयाने पाहावे, एवढाच या उपमेचा आमचा उपयोग. कण आणि माणसे सारखी आहेत, असे आम्हांला म्हणायचे नाही. कणांना कैद, हद्दपारी, जप्ती ठाऊक नसते. ती ठाऊक असते कण मोजणाऱ्यांना.

आणि तेथेच 'डीएलव्हीओ' या चार अक्षरांकडे पुन्हा वळून पाहिले पाहिजे. ती आज शेजारी शेजारी उभी आहेत. पहिल्या दोन आणि शेवटच्या दोन अक्षरांमध्ये सात वर्षे, एक आक्रमण आणि एक परव्याप्त देश आहे, हे ती सांगत नाहीत. कालमानची गेलेली जागा, हामाकरची बेरीज, मुखर्जींचे विवेचन यांना त्यांत अक्षर मिळालेले नाही. पाठ्यपुस्तकाला संक्षेप लागतो, हे आम्ही जाणतो. परंतु शास्त्राचा इतिहास शिकवताना शिक्षकाने फळ्यावर ही अक्षरे लिहिताना दोहोंच्या मध्ये थोडी जागा सोडावी. या शास्त्राने जे शिकवले ते बहुतेक त्याच जागेत आहे.